वसुबारस ते भाऊबीज : मुंबईच्या किनाऱ्यावर काच वेचताना

वसुबारस

मुंबईत समुद्राने घासलेली काच वेचायला जायचं तर हाताशी पंचांग हवं. कोळी लोकांचा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण. त्यात सहा तास बारा मिनिटं मिळवली की ओहोटीचा तळ. आज द्वादशी. बारा पाऊणे नऊ, म्हणजे नऊला भरती आणि दुपारी तीन वाजून गेले की पाणी सगळ्यात मागे. घड्याळाशी थोडं मागेपुढे होतं, म्हणून आत्या भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रकही बघते. पण आधी पाढा म्हणते आणि मग वेळापत्रक ताडून पाहते.

सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने नाशिक रोडहून निघाले आणि दादरला उतरले. आत्याचं घर माहीमला, किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर. तिसरा मजला, पश्चिमेला तोंड केलेली खिडकी, आणि त्या खिडकीच्या कट्ट्यावर तिने वर्षानुवर्षं वेचलेल्या काचा. यंदाच्या दिवाळीत या काचांच्या झिरमिळ्या लावलेला कंदील करायचा असं आम्ही गणपतीतच ठरवलं होतं, आणि त्यासाठी लागणाऱ्या काचा दोघींनी मिळून वेचायच्या हेही.

दिवाळीचे दिवस या कामाला फार चांगले. पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात, खालचे दगडगोटे उघडे पडतात. मग हिवाळ्यात वाळू हळूहळू परत येऊन बसते आणि सगळं झाकून टाकते. आश्विन संपताना या दोन्हींच्या मधली वेळ असते. पाऊस गेलेला, वाळू अजून पुरती परतलेली नाही. शिवाय अमावस्या जवळ येते तसं उधाण वाढत जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाचे दिवस असतात तेव्हा पाणी फार मागे हटत नाही. उधाणाच्या दिवसांत मात्र एरवी न दिसणारा पट्टा उघडा पडतो.

तीन वाजता माहीमच्या चौपाटीवर गेलो. समोर सागरी सेतू, उजव्या हाताला मिठी नदीचं तोंड. ही मिठी उपनगरांचं सांडपाणी घेऊन इथे येते, त्यामुळे माहीमच्या वाळूत प्लॅस्टिक आहे, चिंध्या आहेत, थर्माकोल आहे आणि वासही आहे. मला हे लपवावंसं वाटत नाही. ज्या किनाऱ्यावर माणसांनी काही टाकलंच नाही तिथे अशी काच मिळणारही नाही. इथे अनवाणी चालायचं नाही, जाड तळाचे बूट आणि रबरी हातमोजे घालायचे, आणि कचऱ्याच्या ढिगात हात न घालता बांबूच्या काठीने उकरायचं. इंजेक्शनच्या सुया असतात, म्हणून आत्या याबाबतीत कुणाचंही ऐकून घेत नाही.

काच शोधायची ती भरतीने आणून टाकलेल्या गोट्यांच्या पट्ट्यात. जिथे सुपारीएवढे खडे साचतात तिथेच त्याच वजनाची काच थांबते. नुसत्या बारीक वाळूत वेळ घालवू नये. पहिला सापडला तो बांगडीचा तुकडा, हिरवा, बोटाच्या पेरापेक्षा लहान. मग आणखी बरेच. मुंबईच्या किनाऱ्यावर बांगडीची काच जितकी मिळते तितकी दुसरी कुठली विशेष मिळत नसावी असं मला वाटतं. ओटीबरोबर सोडलेल्या, विसर्जनात गेलेल्या, कुणाच्या हातात वाढवलेल्या. फिरोजाबादेत तयार झालेली ही बारीक काच लवकर झिजते, बाटलीच्या जाड काचेइतकी वर्षं तिला लागत नाहीत. तिची कड मऊ झालेली असते, पण गोलाई कायम असते आणि त्यावरून ती लगेच ओळखू येते.

संध्याकाळी कंदील गल्लीत गेलो. माहीमच्या एल. जे. रोडजवळची ही गल्ली दिवाळीत अख्खी कंदिलांनी भरून जाते. आम्हाला तयार कंदील नको होता. बांबूच्या काड्यांचा नुसता सांगाडा, पतंगी कागद आणि खळ एवढंच घेतलं. षटकोनी सांगाडा मिळाला, आकाराने बेताचा. आत्याने तो हातात धरून हलवून बघितला, सांधे दाबून बघितले, मगच पैसे दिले. काचेचं वजन पेलायचं आहे म्हणाली.

धनत्रयोदशी

ओहोटी चारच्या आसपास. दुपारी बसने माहीम कॉजवे ओलांडून वांद्र्याला गेलो, आधी चिंबईचा कोळीवाडा आणि तिथून बँडस्टँडचे खडक. हा काळा बेसॉल्ट, खाचाखोचांनी भरलेला. वाळूवर काच विखुरलेली असते, इथे ती फटींत साठते. एखाद्या फटीत बोट घालावं तर खालच्या बारीक शंखांच्या चुऱ्यात दोन-तीन काचा एकत्र मिळतात. पण खडकावर जाण्याआधी परतीची वाट बघून ठेवायची. इथे पाणी वळलं की खडकांमधल्या सखल जागा आधी भरतात आणि माणूस समुद्राकडे तोंड करून बसलेला असताना मागची वाट बंद होते. आत्याचा नियम असा की ओहोटीच्या तळाआधी तासभर पोचायचं आणि पाणी वळताच खडक सोडायचा, सापडत असलं तरी.

खडकांतल्या डबक्यांत बघण्यासारखं खूप असतं. समुद्रफुलं, बारके खेकडे, शंखात घर केलेले साधू खेकडे. म्हणूनच आम्ही शंखशिंपले आणत नाही. रिकामा दिसणारा शंख कुणाला तरी पुढच्या घरासाठी लागतो. प्रवाळाचा तर प्रश्नच नाही, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते संरक्षित आहे, आणि मेलेला तुकडाही उचलू नये. काच माणसाने टाकलेली आहे. ती उचलल्याने समुद्राचं काही कमी होत नाही, म्हणून ती आणायला माझा जीव कचरत नाही.

इथे दोन गोष्टी मिळाल्या. एक जाडजूड तुकडा, फिक्या पाण्याच्या रंगाचा, दोन्ही बाजूंनी चिमटा घेतल्यासारखा आत गेलेला. तो कशाचा हे तेव्हा दोघींनाही कळलं नाही. दुसरा निळा. गडद, कोबाल्टचा निळा, नखाएवढा. मी तो आत्याच्या हातावर ठेवला आणि ती खडकावर खालीच बसली.

रंगांचं गणित साधं आहे. हिरवी, तपकिरी आणि पांढरी काच भरपूर मिळते, कारण बाटल्या त्याच रंगांच्या असतात. वाळूतल्या लोहामुळे हिरवी छटा येते. तपकिरी रंग लोह, गंधक आणि कार्बन यांच्यामुळे, आणि तो प्रकाशापासून औषधाचं किंवा बिअरचं रक्षण करतो. निळी काच कोबाल्टची, पूर्वी काही औषधांच्या बाटल्यांना वापरत. लाल आणि नारिंगी सगळ्यांत दुर्मिळ, कारण लाल काचेला सोनं किंवा सेलेनियम लागतं आणि तशा वस्तू घरात मुळातच कमी.

माझे आतोबा कंपाउंडर होते. डॉक्टरांनी लिहून दिलेलं मिश्रण बाटलीत भरायचं आणि बाटलीच्या अंगावर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवायची, एक खाच म्हणजे एक डोस, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. धनत्रयोदशीला धन्वंतरीची पूजा त्यांच्यामुळे या घरात आली आणि ते गेल्यावरही आत्याने ती सोडली नाही. संध्याकाळी तिने धन्यांच्या आणि गुळाच्या वाटीशेजारी ताम्हनात औषधाच्या बाटल्यांच्या काचा ठेवल्या, तपकिरी आणि पांढऱ्या, तळाचे गोल तुकडे, आणि मधोमध आज मिळालेला निळा. दारात यमदीप दक्षिणेला तोंड करून लावला. सणाची सजावट म्हणजे काय असावी याचं माझ्या डोळ्यांसमोर आता हेच उदाहरण आहे. घरातल्या माणसाच्या कामाशी तिचं नातं असावं.

नरक चतुर्दशी

पहाटे उटणं, अभ्यंगस्नान, कारीट फोडणं, मग फराळ. किनाऱ्यावर गेलो नाही. आजचा दिवस काच धुण्याचा.

किनाऱ्यावरून आणलेली काच थेट कट्ट्यावर ठेवू नये. माहीमची तर मुळीच नाही. बादलीत गोडं पाणी, त्यात भांडी घासायचा साबण, रात्रभर भिजत. दुसऱ्या दिवशी जुन्या दातब्रशने घासायचं, पाणी बदलायचं, पुन्हा भिजवायचं. खारटपणा निघाला नाही तर वाळल्यावर पांढरी पुटं येतात. काचेला चिकटलेले कालवांचे चुनखडीचे थर व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवले की सुटतात. शेवटी सुती पंचावर सावलीत पसरायचं.

वाळली की ती धुरकट दिसू लागते, आणि पहिल्यांदा काच वेचणाऱ्याचा इथे हिरमोड होतो. ओली असताना रत्नासारखी वाटलेली ती हीच का? हो, हीच. बाटलीची काच वाळू, सोडा आणि चुना यांची. समुद्रात वर्षानुवर्षं पडून राहिली की पृष्ठभागातला सोडा पाण्यात विरघळत जातो, वाळू आणि गोटे तिच्यावर घासत राहतात, आणि अंगावर बारीक खळगे पडतात. प्रकाश त्या खळग्यांवर विखुरतो म्हणून ती दुधी दिसते. पाणी ते खळगे भरून टाकतं म्हणून ओली काच पारदर्शक दिसते. आत्याकडे दागिने बघायचं भिंग आहे. त्यातून पाहिलं तर अर्धचंद्रासारख्या बारीक खुणा एकमेकींवर पडलेल्या दिसतात. यंत्रात घोळवून किंवा आम्लात बुडवून केलेली काच हल्ली विकत मिळते. तिचं अंग सगळीकडे सारखंच मऊ असतं, या खुणा तिच्यावर नसतात.

काही जण चमक यावी म्हणून खोबरेल तेल चोळतात. मला ते पटत नाही. तेलावर धूळ बसते, आठवड्यात काच चिकट होते, आणि ज्या दुधीपणासाठी समुद्राने इतकी वर्षं घालवली तोच झाकला जातो. ओली काच आवडत असेल तर ती पाण्यातच ठेवावी.

संध्याकाळी झिरमिळ्या करायला बसलो. भोक पाडायचं नाही असं ठरलं होतं, कारण त्यासाठी हिऱ्याच्या टोकाचं ड्रिल आणि काच पाण्याखाली धरून सावकाश काम करायची सवय लागते. त्याऐवजी तांब्याची बारीक तार काचेभोवती दोन वेढे घेऊन वर फास करायचा आणि तो फास तंगुसाला बांधायचा. तंगूस म्हणजे गळाला लावतात तो नायलॉनचा दोरा. खाऱ्या हवेत कुजत नाही आणि लांबून दिसतही नाही. सगळ्यात जड तुकडा खालच्या टोकाला, म्हणजे दोरा ताठ राहतो. बांगड्यांच्या तुकड्यांना तार नीट धरत नाही, ते आम्ही वेगळे काढले.

लक्ष्मीपूजन

सकाळी बांगड्यांचे तुकडे दाराशी आले. आत्याने गेरूवर ठिपक्यांची रांगोळी काढली आणि पाकळ्यांच्या कडांना पांढऱ्या रेघेऐवजी बांगड्यांच्या कमानी मांडल्या, हिरव्या, मग लाल, मग एक पिवळी. रांगोळीला लागणारी गोलाई त्या काचेत आधीच असते. बाजूला दोन पणत्या.

आत्याच्या घरात काचा वर्षभर एका जागी राहत नाहीत, हे मला यावेळी नीट उमगलं. आषाढ-श्रावणात उजेड कमी असतो, तेव्हा पांढऱ्या आणि फिक्या काचा पाणी भरलेल्या काचेच्या वाडग्यात खिडकीशी. नारळी पौर्णिमेला केळीच्या पानावर नारळाभोवती निळ्या-हिरव्या. नवरात्रात रोजच्या रंगाप्रमाणे एक वाटी. लाल आणि नारिंगी दिवशी वाटीत काचेऐवजी झेंडूची फुलं, कारण तेवढी लाल काच तिला कधी मिळाली नाही. संक्रांतीला काळ्या. या काळ्या काचा खरं तर काळ्या नसतातच, जुन्या जाड बाटल्यांच्या असतात आणि दिव्यासमोर धरल्या की गडद हिरव्या किंवा गडद तपकिरी दिसतात. हलव्याच्या दागिन्यांच्या ताटात त्या पांढऱ्या हलव्याशेजारी काय शोभतात! या बदलण्यामुळे कुठलीही काच कंटाळवाणी होत नाही. बरणीत भरून कपाटावर ठेवलेली काच महिन्याभरात कुणी बघेनासं होतं, कितीही सुंदर असली तरी. थोड्याच मांडाव्यात, मागून उजेड यावा, आणि ऋतू बदलला की उचलाव्यात.

आज अमावस्या, ओहोटी साडेपाचला, पण पूजेची वेळ तीच, त्यामुळे किनाऱ्यावर जाण्याचा प्रश्न नव्हता. अंधार पडल्यावर कंदील गॅलरीच्या आतल्या बाजूला टांगला, कारण बाहेर वारा काचा एकमेकींवर आपटवतो. पतंगी कागद पांढराच ठेवला होता, रंग सगळा काचांचा. एलईडीचा पिवळसर दिवा लावल्यावर हिरव्या झिरमिळ्यांचा उजेड भिंतीवर पडला, आणि शेजारच्या घरातली मुलं हातातली फुलबाजी विझेपर्यंत तिथेच उभी राहिली.

रात्री नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चने कट्ट्यावरच्या काचा बघितल्या. बहुतेक काचांना काहीच झालं नाही. एक पांढरा तुकडा मात्र मंद हिरवा उजळला. त्यात मँगनीज असणार. लोहाची हिरवी छटा घालवायला जुने काचवाले ते मिसळत असत. तो तुकडा जुना आहे याची ही बऱ्यापैकी खूण. आत्याने त्याला स्वतंत्र डबी दिली.

पाडवा

प्रतिपदेची भरती दुपारी पाऊण वाजता, म्हणजे त्याआधीची, पहाटेची ओहोटी साडेसहाच्या सुमारास. अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सगळ्यात मोठं असतं, त्यामुळे आज पाणी सर्वांत जास्त मागे जाणार होतं. अंधारातच निघून वर्सोव्याला पोचलो.

वर्सोव्याचा किनारा सगळ्या देशाला माहीत झाला तो ऑक्टोबर 2015 मध्ये अफरोज शाह यांनी सुरू केलेल्या साफसफाईमुळे. 2016 मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ सन्मान मिळाला, आणि मार्च 2018 मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली. अशा ठिकाणी काच कमी मिळणार हे उघड आहे आणि त्याचा मला आनंदच आहे.

पण लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. वाळूवर फटाक्यांचे कागद, रॉकेटच्या काड्या, आणि रॉकेट उभी करायला वापरलेल्या बाटल्या. काही फुटलेल्या. आम्ही घासलेल्या काचेची पिशवी बंद केली आणि जाड गोणपाटाची पिशवी काढली. ताजी फुटलेली काच कोपऱ्यापर्यंत धारदार असते. ती “समुद्र घासेल” म्हणून तिथेच टाकून देणं मला मान्य नाही. घासायला समुद्राला काही दशकं लागतात, आणि तोवर त्या वाळूवरून कोळ्यांची मुलं अनवाणी धावतात. वेचायला येणाऱ्याने ताजी काच वर्तमानपत्रात गुंडाळून कचरापेटीत नेलीच पाहिजे. अर्धवट झिजलेली, एखादी कड अजून बोचणारी असेल, तर ती मी उचलते आणि घरी वेगळी ठेवते.

जाळी विणत बसलेल्या एका काकांनी आम्हाला विचारलं, “काय हरवलंय का ताई?” आत्याने पिशवी उघडून दाखवली. त्यांनी हात घातला, एक तपकिरी तुकडा अंगठ्याने चोळला आणि सांगितलं की असे तुकडे जाळ्यातही येतात, पण ते परत पाण्यात फेकतात. आत्याने लगेच त्यांच्याशी ठरवलं की यापुढे ते एका डब्यात टाकून ठेवायचे, ती येऊन घेऊन जाईल. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा जाळ्याकडे वळले.

दुपारी आत्याने पाडव्याचं श्रीखंड केलं. बाकी दिवस झोपेत गेला.

भाऊबीज

आतेभाऊ गिरगावात राहतो. सकाळी सव्वासातची ओहोटी गिरगाव चौपाटीवर साधून मग त्याच्या घरी जायचं ठरलं. चौपाटीवर वाळू बारीक, काच थोडी, पण चिनी मातीचे तुकडे चांगले मिळाले, निळ्या रेघा असलेले, कपबशीच्या कडेचे. आतेभावाची मुलगी बरोबर होती. तिची नजर जमिनीच्या जवळ, तिला आमच्याहून लवकर सापडत होतं. पांढरं जे दिसेल ते ती उचलायची, मग मी शिंपला असेल तर परत ठेवायला सांगायचे, आणि तीही नीट होता तिथेच नेऊन ठेवायची.

घरी औक्षण झालं. ओवाळणीत आतेभावाने मला वर्तमानपत्रात गुंडाळलेली जड वस्तू दिली, चोरबाजारातून आणलेली: गोटी सोड्याची अख्खी बाटली, आत गोटीसकट. हायरम कॉड यांनी 1872 साली पेटंट घेतलेल्या या बाटलीची करामत अशी की सोडा भरताना ती उलटी धरतात, गॅसचा दाब गोटीला तोंडातल्या रबरी कड्यावर दाबून धरतो आणि बूच लागत नाही. पिताना गोटी लाकडी दट्ट्याने आत ढकलायची, आणि बाटली तिरपी केल्यावर ती परत तोंडाशी येऊ नये म्हणून मानेत दोन खाचा.

मी पिशवीतून वांद्र्याचा तो चिमटलेला तुकडा काढला आणि बाटलीच्या मानेला लावला. बरोबर बसला. गोटी अडवणारी तीच खाच, रंगही तोच फिका पाणेरी. आत्या म्हणाली, “अगं, मग गोटीपण तिथेच कुठेतरी असणार.” आतेभावाची मुलगी लगेच बूट शोधायला लागली. तिला सांगावं लागलं की भरती दीडला आहे, आता खडकांवर पाणी चढत असणार.

वाटणी जेवणानंतर झाली. मँगनीजचा तुकडा आणि निळा आत्याकडे, चिनी मातीचे मुलीकडे, खाचेचा तुकडा बाटलीबरोबर माझ्याकडे, आणि थोड्या हिरव्या-तपकिरी काचा नाशिकच्या खिडकीसाठी. गाडीत नेताना काच काचेवर घासू नये म्हणून प्रत्येक तुकडा सुती कापडात वेगळा बांधला. पौष पौर्णिमेला पुन्हा उधाण आहे. तेव्हा वर्सोव्याहून फेरीबोटीने मढला उतरून एरंगळच्या वाळूवर जायचं ठरलंय. 1575 साली बांधलेलं सेंट बोनाव्हेंचर चर्च तिथे समुद्रालगत उभं आहे. आतेभावाच्या मुलीसाठी लहान मापाचे हातमोजे मी नाशिकहून घेऊन येणार आहे.